वासराच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ

मी लग्न होऊन तकोव्यात आले तेव्हा शेजारची हमूटलमावशी एकटीच राहत होती. आमचं अंगण एक आणि भट्टीही एकच. मी पीठ मळायला बाहेर यायचे तेव्हा तिच्या जवाच्या भाकऱ्या भाजून झालेल्या असायच्या. नेहमी दोन. एक ती खायची, दुसरी फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि संध्याकाळ झाली की शेळीपुढे टाकायची.

"रोज दोन कशाला करतेस गं मावशी?" मी एकदा विचारलं.

"एकाच भाकरीचं पीठ मळायला हात तयार होत नाहीत," ती म्हणाली. "सवय मोडत नाही."

तिचा मुलगा जिवंत होता. यरुशलेमेत होता, सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचता येईल इतक्या अंतरावर. पण तो येत नव्हता. गावातल्या बायकाही तिच्याशी बोलत नसत. का, ते मला सासूने पहिल्याच आठवड्यात आवाज खाली घेऊन सांगितलं. पुढे मावशीने स्वतःही सांगितलं. दोघींच्या सांगण्यात फरक एवढाच, की सासूच्या गोष्टीत सासू स्वतः कुठेच नव्हती.

झालं होतं ते असं. मावशीला लग्नानंतर पुष्कळ वर्षं मूल नव्हतं. नवरा एल्दाद मेंढपाळ होता, स्वभावाने गरीब. तो काही बोलायचा नाही, पण त्याची आई जेवताना सुद्धा बोलायची. मावशीने नवस बोलून दोनदा यरुशलेमेत परमेश्वराच्या वेदीपाशी कोकरू नेलं. काही झालं नाही. मग एक दिवस माझी सासू मिल्का, तेव्हा तीही तरुणच, तिला हाताला धरून ओढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या एला झाडाखाली घेऊन गेली. तिथे बायका आकाशराणीला पोळ्या वाहायच्या, अंजीर आणि मध घालून केलेल्या. राणीची मातीची मूर्तीही सासूनेच आणून दिली. पोटाशी हात धरलेली, वीतभर उंचीची बाई.

वर्षाच्या आत मुलगा झाला.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा मावशी अडली. आमच्यात पोराच्या नावात परमेश्वराचं नाव गुंफतात. तिने नुसतं मत्तान ठेवलं. म्हणजे दान. कुणाचं, ते नावात आलं नाही. एल्दाद पुढे तापाने गेला, त्याची आईही गेली, आणि घरात मायलेक दोघंच उरली. दर अमावास्येला मावशी पोळ्या करायची.

"भक्ती कसली गं," ती मला म्हणाली होती. "भीती होती. एखादं दान दिलं नाही तर माणूस रडून मोकळं होतं. दिलेलं परत नेलं तर?"

मत्तान मिसरूड फुटायच्या वयाचा झाला तेव्हा यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधायला गावोगावचे लोक बोलावले होते. आमच्या गावातल्या मोठ्या लोकांनी माना फिरवल्या, पण मेंढपाळ आणि कुंभार गेले. मत्तानही गेला. कोट झाला तरी तो तिथेच राहिला. लेव्यांच्या, म्हणजे मंदिरातल्या सेवकांच्या, पायाशी बसून नियमशास्त्र ऐकायला लागला. आणि एके दिवशी न कळवता घरी आला, तेव्हा नेमकी अमावास्या होती. मावशी पोळ्या थापत होती, आणि ती मातीची बाई पिठाच्या रांजणाला टेकून उभी होती.

"आई, हे काय?"

"तुझ्यासाठीच रे. तू सुखरूप राहावास म्हणून."

"माझ्यासाठी? असल्या मूर्तींपायीच आपले आजे-पणजे साखळदंडात गेले बाबेलला. आम्ही तळहाताची कातडी सोलवटेपर्यंत कोटाचे दगड उचलले. आणि इथे माझी आई हिला पोळ्या भरवते!"

"ओरडू नको. दोनदा कोकरू नेलं होतं वेदीपाशी, पायी. तू झालास तो हिच्याकडे गेल्यावर."

मत्तान शांत झाला. मावशी म्हणायची, तो ओरडत होता तेच बरं होतं.

"म्हणजे मी हिचं दान? सांग ना आई. मी कुणाचा?"

मावशीला 'हो' म्हणवेना आणि 'नाही' म्हणवेना. त्याने मूर्ती उचलली, उंबऱ्यावर आपटली आणि म्हणाला, "तुझ्या हातचं अन्न मला नको." पाणी सुद्धा न पिता तो परत फिरला. पुढे कळलं की त्याने नाव बदलून मत्तन्या केलं, परमेश्वराचं दान. त्याच्या परीने त्याने उत्तर शोधलं होतं. 

गावाने मग हात झटकले. ज्या ज्या बाईच्या घरी राणी होती तिने ती लपवली. माझ्या सासूने आपली अंजिराखाली पुरली. जणू सगळ्या गावात मावशीच एकटी त्या झाडाखाली गेली होती. विहिरीवर ती दिसली की कुणीतरी म्हणायचंच, "सरका गं, आकाशराणीची सून आली पाणी भरायला." मावशी घागर बाजूला ठेवून सगळ्यांचं होईपर्यंत थांबायची. पोळ्या तिने त्या दिवसापासून केल्या नाहीत. पण वेदीकडेही गेली नाही. मला म्हणाली, "तिकडे तोंड दाखवायला जागा नाही, आणि इकडचं तोंड फुटलं. मधल्या मध्ये राहिले."

सातव्या महिन्यात मंडपांचा सण आटोपला आणि निरोप आला, सगळ्यांनी यरुशलेमेत जमायचं, उपास करून, गोणपाट नेसून, आपली आणि वाडवडिलांची पापं कबूल करायला. आमचं गाव पहाटेच निघालं. मावशी डोक्यावर फडकं ओढून सगळ्यांच्या मागे उभी होती.

"तू कशाला?" सासू म्हणाली. "तुझे शिंतोडे आमच्यावर उडायचे."

"मिल्का, तू माझ्या मागे मागे चाल," मावशी म्हणाली. "मी पुढे असले की तुझ्याकडे कुणी बघायचं नाही."

दोघीतिघी हसल्या. सासू पदर सावरत मागे सरकली.

यरुशलेमेच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या डोक्यावर पश्चात्तापाची धूळ. लेवी पायऱ्यांवर उभे राहून आळीपाळीने सांगत होते. मिसरमधली गुलामी, मग समुद्रातून काढलेली वाट, मग रान आणि तिथे रोज सकाळी आकाशातून पडणारं अन्न, मान्ना. आमच्या लोकांनी किती वेळा पाठ फिरवली आणि परमेश्वराने किती वेळा वळून पाहिलं. मी पोटातल्या भुकेने अर्धं ऐकत होते. रानात लोकांनी देव म्हणून घडवलेल्या सोन्याच्या वासराची गोष्ट आली तेव्हा मावशीने माझं मनगट घट्ट धरलं.

"कसीया, दुसऱ्या दिवशी सकाळी?"

"काय दुसऱ्या दिवशी?"

"वासरापुढे नाचले ना हे. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मान्ना पडला का?"

मला काय ठाऊक! तिने तो प्रश्न सोडला नाही. लोक मध्येच जरा खाली टेकले तेव्हा ती गर्दीतून वाट काढत पायऱ्यांपाशी गेली. एक म्हातारा लेवी घसा ओला करत बसला होता. तिने तेच त्याला विचारलं.

त्याने पेला खाली ठेवला. "विसाव्याचा शब्बाथ सोडून रोज पडला, बाई. चाळीस वर्षं."

"त्याही सकाळी?"

तो तिच्याकडे वळला. मग हलकेच म्हणाला, "त्याने पोरांना उपाशी ठेवलं असं कुठे लिहिलेलं नाही. त्याही सकाळी."

मावशी तिथेच धुळीत बसली. मला वाटलं उपासाने चक्कर आली. पण ती रडत होती, तोंड न झाकता. "त्या बायका टोपल्या घेऊन कोणत्या तोंडाने बाहेर पडल्या असतील गं? कानातलं सोनं त्यांनीच काढून दिलेलं. तंबूचा पडदा सारला असेल, वाटलं असेल, आज काही नसणार. आणि होतं. सगळीकडे पांढरं पसरलेलं. रोजच्यासारखं."

मत्तन्या तिथेच होता, लेव्यांच्या हाताखाली म्हाताऱ्यांना पाणी देत. अंगाने भरला होता, दाढी आली होती. त्याने आम्हाला पाहिलं आणि पाण्याची पखाल खांद्यावर तशीच घेऊन उभा राहिला. मावशी उठून त्याच्यापुढे गेली.

"तू विचारलं होतंस ना, मी कुणाचं दान," ती म्हणाली. "त्याचंच. माझे हात दुसरीकडे पसरलेले होते रे. तरी घातलं त्यानेच. मला तेव्हा कळलं नाही."

मत्तन्याने पखाल खांद्यावरून उतरवली. "ते सगळं सोडलंस?"

"पोळ्या तू गेलास तेव्हाच सोडल्या. भीती आज सुटली."

त्याने तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. तेवढ्यात वरून कुणी हाक मारली आणि तो गेला. मिठी नाही, पाया पडणं नाही. परतीच्या वाटेवर मावशी माझ्या पुढे चालत होती, आणि तिची चाल मला हलकी वाटली. पण घरी पोचल्यावर तिने नेहमीसारखं अंधारं दार एकटीने उघडलं.

तो हिवाळाभर आला नाही. जवाच्या कापणीत आला. मी भट्टीपाशी होते म्हणून पाहिलं. दारात उभा राहिला, म्हणाला, "आई, भूक लागली." मावशीने फडकं सोडलं. भाकर, कांदा आणि ताक पुढे ठेवलं आणि भिंतीला टेकून त्याच्या हातांकडे बघत बसली. तो खाली मान घालून जेवला. ऊन कलायच्या आत निघून गेला, कारण तिकडे त्याचं लग्न ठरलं होतं. त्यानंतर वर्षातून एखादी खेप व्हायची. सून कधी आली नाही. असली सासू कोणत्या तोंडाने सांगायची, असं तिच्या माहेरच्यांना वाटत असावं.

विहिरीवर मावशी आता थांबत नसे. कुणी टोमणा मारला तर म्हणायची, "हो बाई, गेले होते त्या झाडाखाली. तरी पाणी भरू देतो परमेश्वर मला. तुलाही देतो." बायका कुजबुजायच्या. माझी सासू मात्र एक दिवस अंजिराखाली कुदळ घेऊन गेली आणि बराच वेळ खणत बसली. काय काढलं, ते मी विचारलं नाही.

एकदा आम्ही दोघी लोकर पिंजत होतो. मी म्हटलं, "मावशी, आता तरी एकटं वाटत नाही ना?"

"वाटतं की," ती म्हणाली. "संध्याकाळी फार वाटतं. ते जात नाही गं. फक्त आता शिक्षा वाटत नाही."

काही वर्षांनी, थंडीत, ती झोपेतच गेली. आमच्यात प्रेत ठेवत नाहीत, म्हणून मत्तन्याला निरोप पोचेपर्यंत दफनाच्या गुहेच्या तोंडाशी धोंडा लागला होता. तिला आंघोळ मी घातली, आणि माझ्या सासूने. न बोलावता आली, बाह्या वर सारून. मावशीचे केस विंचरताना म्हणाली, "मीच नेलं होतं हिला. हाताला धरून." आणि मग माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.

मत्तन्या दुसऱ्या दिवशी आला, धोंड्याला हात लावून उन्हं उतरेपर्यंत बसून राहिला.