बुढीले न्याचं हाय

वैशाखात वऱ्हाडात जाऊ नकोस, असं पुण्यात मला भेटेल तो बजावत होता. शहाण्यांचं ऐकायची सवय असती तर मी प्रवासवर्णनं कशाला लिहीत बसलो असतो? अकोल्याच्या फलाटावर पाय मोकळे करायला उतरलो आणि शहाण्यांना शहाणे का म्हणतात ते कळलं. ऊन नुकतं वर आलं होतं, तरी वहाणांतून चटका बसत होता.

मला अमरावतीला एका मित्राकडे जायचं होतं. सरळ आगगाडीत बसून राहिलो असतो तर बरं झालं असतं. पण वाटेतलं एखादं गाव पाहू, म्हणून मूर्तिजापूरला उतरलो आणि आडवाटेची मोटार धरली. दोन्ही बाजूंना नांगरून तापत ठेवलेली काळी रानं, मध्येच एखादी बाभूळ. दुपारी मोटारीने मला एका गावात उतरवलं आणि माझी पिशवी घेऊन ती पुढे निघून गेली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत.

स्टँडवर किसना नावाच्या माणसाचं चहाचं हॉटेल होतं. फळीवर नवाकोरा ट्रान्झिस्टर गात होता. माझं रडगाणं ऐकून किसना म्हणाला, "मंग इथं काहून उभे राहिले? भोंग्यावर सांगा ना जी. वामनभाऊ पुकारते."

भोंगा म्हणजे त्या गावाचा स्वतःचा रेडिओ. बंद पडलेल्या जिनिंगच्या (सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) आवारात, फाटकालगतच्या दोन खोल्यांत वामनभाऊ राहत. बाहेरच्या खोलीत एक मशीन आणि माईक. तिथून तारा निघून गावातल्या खांबांवरच्या कर्ण्यांपर्यंत गेलेल्या. लोक त्या खोलीला 'टेसन' म्हणत. सकाळी भजनाची तबकडी, मग कापसाचा भाव, कोणाची गाय हरवली, कोणाकडे लग्न, कोणाकडे मयत. सरकारी रेडिओ पुण्या-मुंबईच्या मराठीत बोलतो. हा त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायचा.

वामनभाऊ पन्नाशीचे, उघड्या अंगाचे, गळ्यात चष्मा. मला खाटेवर बसवून त्यांनी आत हाक मारली, "ओ बुढी, पाहुण्याले पाणी आण."

आतून वाकलेली, खोकणारी म्हातारी गडू घेऊन आली. बुढी म्हणजे म्हातारी. सख्ख्या आईला कोणी असं म्हणतं का, असं माझ्या पुणेरी तोंडावर उमटलं असणार, कारण ती हसली. "वऱ्हाडात मायले बुढीच म्हणते, बापू," ती म्हणाली. तेवढ्यात वामनभाऊंनी मशीन सुरू केलं. ते खरखरलं. त्यांनी त्यावर थाप मारली. "अन् हे दुसरी बुढी. दोघी बी रातंदिस खोकलून राहिल्या."

हा विनोद सगळ्या गावाला पाठ होता. आवाज फाटला की ते भोंग्यावरूनच सांगत, 'आज बुढीची तब्येत बरी नाही.'

माझ्यासाठी त्यांनी पुकारलं, "ऐका जी ऐका. पुण्याच्या पाहुण्याची खाकी थैली मोटारीत राह्यली. थैलीत धोतर हाय, साबण हाय. सोनंनाणं नाही, तवा उगा उलथीपालथी करू नका. आणून द्या."

पिशवीची वाट पाहत आम्ही बोलत बसलो. म्हातारीने ज्वारीची भाकर आणि पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची तिखटजाळ आमटी) वाढला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या तरी मी मागून घेतला. पूर्वी कर्णे गावभर होते, आता स्टँडवरचा आणि बाजारातला असे दोनच उरले होते. घरोघरी ट्रान्झिस्टर आले, मग खांबावरचा आवाज लोकांना कटकट वाटू लागला. अमरावतीचा एक मांडववाला परवा येऊन मशीन विकत नेणार होता.

मी विचारलं, मयत कशी पुकारता? वामनभाऊ म्हणाले, "मेला, वारला, असं आपण बोलत नाही. नाव घ्याचं अन् सांगाचं, अमक्याले इतक्या वाजता न्याचं हाय. लोकं समजून घेते. हे बुढीनंच शिकवलं."

"मेल्याचं भोंग्यावर बोंबलू नये," आतून म्हातारी म्हणाली. "घरच्याईच्या काळजाले लागते."

या हाकेवर बाजारातली दुकानं अर्धी मिटायची आणि माणसं मयतीला निघायची. घरोघर निरोप्या धाडायची रीतच त्या गावात उरली नव्हती. दिवेलागणीला परतीच्या मोटारीच्या ड्रायव्हरने पिशवी आणून दिली. रात्र मी धर्मशाळेत काढली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. किसनाकडे चहा घेत होतो तेव्हा कर्णा खरखरला. वामनभाऊंचा आवाज घोगरा येत होता. "ऐका जी. आमच्या बुढीले आज चार वाजता न्याचं हाय."

एवढंच. किसनाने बारीक केलेला ट्रान्झिस्टर पुन्हा मोठा केला. बाकड्यावरचा एक जण हसला, "चालली एकदाची बुढी. कान सुटले." मी विचारलं, मशीन उद्या न्यायचं होतं ना? किसना म्हणाला, "आजच आला असन मांडववाला. बाजाराची गाडी रिकामी भेटते." मला ते पटलं.

निरोप घ्यावा म्हणून चारला मी जिनिंगवर गेलो. फाटकात मांडववाला नव्हता. अंगणात तिरडी बांधून ठेवली होती.

पहाटे खोकल्याच्या उबळीतच म्हातारी गेली होती. वामनभाऊंना बायकामुलं नव्हती. जिनिंगचा चौकीदार आणि पलीकडच्या गल्लीतला एक शिंपी, एवढेच आले होते. वामनभाऊ दर थोड्या वेळाने फाटकाशी जाऊन रस्ता पाहून येत. "उन्हाचं निघाले नसन," ते म्हणाले. "अजून येते."

बाजारातले लोक काय समजून बसले आहेत हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण ते त्या माणसाला तोंडाने सांगणं मला जमेना. पाच वाजून गेले. चौकीदार हळूच म्हणाला, "वामनभाऊ, उचला आता." चौथा खांदा माझा होता. जिने मला आदल्या दिवशी आग्रहाने वाढलं होतं तिचं ओझं मुळीच जाणवत नव्हतं, आणि त्याचंच मला रडू आलं.

नदी कोरडी होती. परतताना स्टँडवर किसना आडवा आला. त्याला कुठून तरी कळलं होतं. "आमाले वाटलं मशीन नेऊन राहिले," तो कळवळून म्हणाला. "सांगाचं नाही का, वामनभाऊ?"

"सांगतलं ना," वामनभाऊ म्हणाले आणि चालू लागले.

तिचं नाव का नाही घेतलं, हे मी त्यांना वाटेत विचारलं. ते म्हणाले, "मायचं नाव कवा घेतलंच नाही. तोंडात बुढीच आलं."

दुसऱ्या दिवशी मांडववाला खरोखरच आला. मशीन गाडीवर चढवलं तेव्हा फाटकापासून रस्त्यापर्यंत गाव लोटलं होतं. बाजारातली दुकानं अर्धी मिटलेली होती. सगळ्यांच्या माना खाली होत्या; किसनाने तर हार आणला होता. कोणाला घालावा ते त्याला समजेना, शेवटी त्याने तो मशीनला घातला. वामनभाऊ दाराआडून बाहेर आले नाहीत. मला त्या लोकांचा संताप आला आणि कीवही आली.

अमरावतीत मित्राने माझी बडदास्त ठेवली, पण माझं कशात लक्ष लागलं नाही. आता पुण्यात हे लिहितो आहे. शेजारच्या घरात ट्रान्झिस्टर लागला आहे. आवाज स्वच्छ आहे, शब्द न् शब्द कळतो. कुठल्या तरी मोठ्या माणसाच्या निधनाची बातमी चालली आहे, नाव दोनदा घेतलं.

निघण्यापूर्वी मी वामनभाऊंकडून म्हातारीचं नाव विचारून घेतलं होतं. ते सांगताना त्यांची जीभ अडखळली. तिचं नाव यमुना. तिला न्यायचं होतं, चार वाजता.