सेतुकाकांची जपानी टॅक्सी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात मानणारे इतके होते की माझी गरजच पडली नाही. त्यातून मी इंजिनिअर. तरी एक गोष्ट आहे... तीस वर्षं होत आली, उलगडत नाही. माझं मराठी तंजावूरचं आणि देवनागरी चाळिशीनंतर गिरवलेली, तेव्हा चुका पोटात घाला.

नव्वदीतली गोष्ट. बाहेरच्या कंपन्या नुकत्या यायला लागल्या होत्या. मद्रासला मी ज्या कारखान्यात होतो त्यांचा एका जपानी कंपनीशी करार झाला, आणि तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव लागलं. सोबत एक कॅसेट आणि एक पुस्तिका मिळाली. त्यात एक अख्खा धडा होता – टॅक्सीवाल्याशी अदबीनं कसं बोलावं.

जायच्या आधी पंधरा दिवस घरी आलो. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर, आणि दारात सेतुकाकांची अँबॅसडर. सेतुकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. घराण्यात सगळे मास्तर नाहीतर कारकून, हे एकटे टॅक्सी चालवायचे. स्टेशनहून मोठं देऊळ, देवळाहून तिरुवैयारु. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्या अभ्यासावर त्यांची नजर असायची.

"त्या देशात ड्रायव्हरला काय म्हणतात रे?" त्यांनी विचारलं.

"उन्तेन्शु-सान. सान म्हणजे आपलं राव."

काकांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग आत वळून म्हणाले, "ऐकलंस का ग? ड्रायव्हरराव म्हणतात."

"इथं कोण म्हणतंय?" काकू आतून. "भात निवतोय, या ड्रायव्हरराव."

दुसऱ्या दिवसापासून तालीम. पुस्तिकेत लिहिलं होतं, तिकडे टॅक्सीचं दार आपोआप उघडतं, प्रवाशानं हात लावू नये. काकांनी मागच्या दाराला काथ्याची दोरी बांधली आणि पुढे बसून ती ओढत-सोडत बसले. दार उघडायचं कमी, माझ्या गुडघ्यावर आपटायचं जास्त. मी आत बसून म्हणायचो – माफ करा, उन्तेन्शु-सान, अमुक ठिकाणी न्याल का, कृपा होईल. त्यावर ड्रायव्हरचं उत्तर, "काशिकोमारिमाशिता", म्हणजे 'जशी आपली आज्ञा', काकांनी दोन दिवसांत पाठ केलं. मला ते आजही एका दमात येत नाही.

निघताना एवढंच म्हणाले, "रघु, पहिल्या टॅक्सीत नक्की बोल हां. तीस वर्षं मला 'ए टॅक्सी' शिवाय हाक नाही. एकदा आपल्या घरातल्या कुणीतरी ड्रायव्हरशी तसं बोललेलं मला ऐकायचंय. फोनवर सांग."

ओसाकाला उतरलो. सोबत आमचे मॅनेजर. विमानात मी पुटपुटत होतो तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काय राव, मंत्र म्हणताय?" झालं, माझी हवा गेली. टॅक्सी आली, दार आपोआप उघडलं. पांढरे हातमोजे घातलेला म्हातारा ड्रायव्हर अर्धवट वळून माझ्याकडे पाहत राहिला. सगळी वाक्यं जिभेवर होती. मॅनेजर शेजारी बसून हसत होते... मी खिशातून निळा कागद काढला, हॉटेलचा पत्ता लिहिलेला, आणि मुकाट्यानं पुढे केला. उतरतानाही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी घरी फोन लावला.

"बोललास?" काका.

"बोललो की. सगळं."

"मग तो काय म्हणाला?"

"तुम्ही म्हणायचात तेच."

"बरं. जेवलास का?"

परत आलो तेव्हा दोरी सोडून ठेवलेली होती. काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मलाही सोयीचंच होतं. दोन वर्षांनी ते गेले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकू भांडी आवरताना सहज बोलल्या. "तू जपानात पोचलास ना, त्या दिवशी दुपारी अडीचला हे गाडी पुसत होते. एकदम पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणतात, रघु बसला. निळा कागद पुढे केला. बोलेना ग, तो ड्रायव्हर बिचारा वाट पाहतोय."

मी भांडं खाली ठेवून हिशेब केला. टॅक्सीत बसलो तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा, म्हणजे इथे अडीच. फोन तर मी दुसऱ्या दिवशी केला होता. कागद माझ्या हातात ओसाकाच्या विमानतळावरच कुणीतरी दिलेला, आणि त्याचा रंग मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. इंजिनिअर आहे, सगळ्या शक्यता तपासल्या. योगायोग म्हणावं तर वेळ जमेल, निळा रंग कुठे बसवू?

"मग फोनवर मला काही बोलले कसे नाहीत?" मी विचारलं.

"मीही तेच म्हटलं. म्हणाले, लाजला असेल पोर. सांगेल आपणहून, घाई नको करू."

काकांना ते कसं दिसलं, मला खरंच माहीत नाही. जपानहून आल्यानंतरच्या दोन वर्षांत दर सुट्टीला ते मला स्टेशनवर घ्यायला यायचे. मी त्यांच्या शेजारी बसायचो, पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता, गाडीत आम्ही दोघंच. पगार, सिनेमा, पाऊस, सगळं बोललो. तेवढं सोडून.