त्र्यंबक सांगून मुंबईला नेलं

नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन मुंबईला जायचा विचार असेल तर हे आधी वाचा. मग घरीच बसा.

वणीच्या गडाचं लिहिलं होतं तेव्हा काहीजणींनी विचारलं होतं, "ताई, आता पुढे कुठे?" पुढे त्र्यंबकेश्वर होतं. निदान मला तसं सांगण्यात आलं होतं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. माझ्या मिस्टरांची चुलत बहीण, छाया वन्सं, त्र्यंबकला असतात. बुधवारी त्यांच्याकडे मुक्कामाला जायचं, गुरुवारी पहाटे दर्शन, मग त्यांच्याच घरी घट मांडायचा आणि संध्याकाळी सुवासिनींना बोलावून उद्यापन करायचं, असं ठरलं. वन्सं फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही फक्त या. सात जणी सांगून ठेवते."

म्हणून मी तांब्याचा कलश, नारळ, पाच झाडांच्या डहाळ्या, तांदूळ, घरचे बेसनाचे लाडू, सात फळं आणि सात पोथ्या अशी वेगळी पिशवी भरली. हे उद्यापन साधं नव्हतं. आमची थोरली, स्वरा, सातव्या महिन्यात झाली. सव्वा महिना दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तेव्हा मी देवीला बोलले होते की पोरगी घरी सुखरूप येऊ दे, बारा वर्षं मार्गशीर्षातले गुरुवार करीन. हे बारावं वर्ष होतं. आजवर एकही गुरुवार चुकला नव्हता. एकदा ताप होता, एकदा सासूबाईंचं ऑपरेशन होतं, तरी नाही. स्वराला हे कधी सांगितलं नव्हतं. पोरांना सांगितलं की ती त्याचा भार डोक्यावर घेतात, नाहीतर डोक्यावर बसतात.

बुधवारी सकाळी नवाला नाशिकच्या सिडकोतून निघालो. गाडी पाथर्डी फाट्याकडे वळली तेव्हाच मी विचारलं, "सातपूरवरून नाही का जायचं?"

"तिकडे रस्त्याचं काम चालूय. घोटीवरून जाऊ," हे म्हणाले. घोटीवरून त्र्यंबकला रस्ता आहे हे खरं, म्हणून मी गप्प बसले. मागे आठ वर्षांचा ओम तोंडावर हात धरून हसत होता. मला वाटलं, गाडी लागतेय. मी त्याला लिंबू हुंगायला दिलं.

घोटी आली. त्र्यंबकचा फाटा आला. फाटा गेला.

"अहो!"

"सरप्राइज!" तिघंही एका सुरात ओरडले.

मी म्हटलं, "देवाचं नाव सांगून फसवता? उद्या घट मांडायचाय मला."

"अगं, मुंबईत खुद्द महालक्ष्मीचं देऊळ आहे. डायरेक्ट तिच्याच दारात नेतोय तुला."

पुरुषांना वाटतं, देवी भेटली की काम झालं. उद्यापनाला देवी नाही, बायका लागतात. निदान पाच. पाटावर बसवून, हळदीकुंकू लावून, फळ आणि पोथी हातात द्यायची. मुंबईत मी पाच बायका कुठून आणू? छाया वन्संना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "मला दादाने शपथ घातली होती हो." म्हणजे सात जणी कधी सांगितल्याच नव्हत्या. अशा ह्या वन्सं!

कसारा घाट उतरेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. शहापूरच्या पुढे वडापाव खाल्ला. पाव शिळा, चटणी बरी. तुम्ही जाणार असाल तर डबा घरून न्या. दोन टोल आहेत, आणि भिवंडीच्या आसपास दीड तास उभं राहायचं असतं त्याचे पैसे मात्र घेत नाहीत, एवढीच मेहेरबानी. साडेतीनला दादरच्या हॉटेलात पोचलो. एका रात्रीचे बेचाळीसशे. खोलीत पलंग ठेवल्यावर जी जागा उरली तिच्यात आम्ही चौघं पाळीपाळीने चाललो.

ह्यांनी सहा महिने ओव्हरटाइम करून ही हौस केली, का तर पोरांनी समुद्र पाहिला नव्हता. संध्याकाळी चौपाटीवर नेलं. ओमने स्वेटर घातला होता, कारण आमच्याकडे डिसेंबरात दात वाजतात. इथे सगळे घामाने निथळत होते. तो पाण्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आई, याचा दुसरा काठ कुठाय?"

गोदाकाठचं पोर ते. मी म्हटलं, "नसतो. मुंबईत कशालाच काठ नसतो." भेळ साठ रुपये. त्यात कैरी नव्हती.

गुरुवारी पहाटे उठून अंघोळ केली. खोलीतल्या टेबलावर तांदळाची रास घातली आणि आधी उदबत्ती लावली. ती अर्धी जळायच्या आत दार वाजलं. मॅनेजर होता, पंचविशीतला, टाय लावलेला.

"मॅडम, रूममध्ये स्मोक अलाउड नाहीये. अलार्म वाजतो."

"खाली तुमच्या काउंटरवर लक्ष्मीचा फोटो आहे. त्याच्यापुढे काल पाच उदबत्त्या जळत होत्या. तिथे अलार्म नाही?"

"ती लॉबी आहे, मॅडम."

"मग लॉबीत मांडते."

तो ह्यांच्याकडे बघायला लागला. हे छताकडे बघायला लागले. शेवटी तो टायवाला पोरगा म्हणाला, "बरं, पाच मिनिटांत आवरा."

मी खाली गेले. काउंटरच्या बाजूला, लक्ष्मीच्या फोटोखाली एक स्टूल होतं. त्यावर घट मांडला, दिवा लावला, पोथी वाचली. पाच मिनिटांची पस्तीस झाली. मग मॅनेजर म्हणाला, "झालं ना मॅडम? उचलू?"

"हात लावू नकोस. मांडलेला घट उद्या सकाळची उत्तरपूजा होईपर्यंत हलवत नाहीत."

"उद्या?"

"उद्या."

त्याच्या चेहऱ्यावरचे भाव पाहिले आणि मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. पण स्वरा लिफ्टच्या बाजूला उभी होती, हूडी नाकापर्यंत ओढून. "आई, प्लीज. सगळे बघतायत. सोड ना हे एक वर्ष."

"नाही सोडत," एवढंच म्हटलं.

दिवसभराचं थोडक्यात सांगते, कारण थोडक्यातच सांगण्याजोगं आहे. महालक्ष्मीच्या देवळाची रांग पाहूनच हे गार पडले. शेवटचा गुरुवार, अख्खी मुंबई लोटलेली. तरी मी अर्धा तास रांगेत उभी राहिले, दर्शनासाठी आणि बायकांसाठीही. पुढच्या दोघींना विचारलं, "दादरला संध्याकाळी हळदीकुंकवाला याल का?" एक हसली. "काकू, मलाच आज सहा घरी जायचंय." बरोबरच होतं तिचं. नाशिकलाही त्या संध्याकाळी बायका केळ्यांच्या पिशव्या घेऊन या जिन्यावरून त्या जिन्यावर पळत असतात. रांग तीन तासांची आहे म्हणाले. पोरं भुकेली. कळसाला हात जोडून परत फिरले.

मग राणीच्या बागेतले पेंग्विन. पेंग्विन गार खोलीत उभे, आम्ही बाहेर उन्हात उभे. कोण कोणाला बघायला आलंय कळेना. सुट्टीच्या दिवसांत जाऊ नका, गेलात तर उघडायच्या आधी जा. उपासाला साबुदाण्याची खिचडी मागवली. एकशे साठ रुपये आणि दाण्याचं कूट शोधावं लागलं. नंतर एका मॉलमध्ये तीन मजली नाताळचं झाड पाहिलं. खाली कापसाचं बर्फ पसरलेलं. लोक लेकरांना त्या कापसात बसवून फोटो काढत होते, बाहेर छत्तीस अंश. हे म्हणाले, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "गाद्या भरायला चांगला आहे." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

सहा वाजता परत आलो. घट जागेवर होता. दिवा विझला असेल म्हणून मी घाबरले होते, पण तेवत होता. साडी नेसलेली एक हडकुळी बाई शेजारची फरशी पुसत होती, स्टुलाभोवतीची तेवढी जागा सोडून.

"तेल घातलं मीच दोनदा," ती म्हणाली. "सायेब म्हनला, इझला तर बाईसायेब माझा जीव घेईल."

"कुठल्या तुम्ही?"

"हरसूलकडची हाय मी. मंगल. मालक इथं बिल्डिंगीवर कामाला लागलं, तवापासून इथंच."

मला हसू आलं. त्र्यंबकला पोचले नाही, पण त्र्यंबक तालुका फडकं घेऊन माझ्यापुढे उभा होता. "मंगलताई, बसा. पहिलं कुंकू तुमचं."

"नाय वो. मी फरशी पुसनारी, इथं कशी बसू? सायेब बोलंल."

मी मॅनेजरकडे नुसतं पाहिलं. तो म्हणाला, "बसा हो मावशी. आता काय राहिलंय?"

पाट नव्हता. सोफ्यावरची उशी खाली घातली. मंगलताईंनी पदर डोक्यावर घेतला. ते बघून सुरतहून आलेल्या एक आजी लिफ्टमधून निघताना थांबल्या. "लक्ष्मीजी? मैं भी बैठूँ, बेटी?" त्यांच्यामागे त्यांची सून, गुडघ्याच्या वर चड्डी, केसांत गॉगल. मी मनात काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण तिने गॉगल काढला, चप्पल काढली, सासूच्या शेजारी मांडी घालून बसली आणि कुंकू लावून झाल्यावर मला वाकून नमस्कार केला. आमच्या छाया वन्संनी आजवर केलेला नाही.

तीन झाल्या. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "ये गं."

"मॅडम, मी अजून सिंगल आहे."

"पोथीत कुमारिका चालते असं लिहिलंय. ये." ती आली. चार.

पाचवी मिळेना. बायका येत होत्या, बॅगा ओढत होत्या, "लेट झालंय" म्हणत निघून जात होत्या. एकीला वाटलं, हॉटेलचा काही कार्यक्रम आहे. तिने विचारलं, "फ्री आहे का?" ह्यांनी रस्त्यावर जाऊन कोणाला तरी विचारलं आणि शिव्या खाऊन परत आले. सात वाजून गेले. सुरतच्या आजींना गाडीची वेळ झाली होती. मी पाचवी पोथी हातात धरून बसून होते. बारा वर्षं एवढ्यासाठी अडकणार?

मंगलताईंनी हळूच विचारलं, "ताई, कशासाठी धरलेलं वो एवढं?"

बायका हे विचारतातच, आणि विचारल्यावर खोटं सांगत नाहीत. मी सांगितलं. सातवा महिना, काचेची पेटी, दीड किलोसुद्धा नव्हतं वजन. आत हात घालायची परवानगी नव्हती, बाहेरून काचेला बोट लावून बसायचे. ते बोलताना माझं लिफ्टकडे लक्ष नव्हतं.

"ही का ती?" मंगलताई म्हणाल्या.

स्वरा उशीपाशी उभी होती. हूडी मागे केलेली. ती खाली बसली. मग म्हणाली, "कुमारिका चालते ना?"

"चालते."

"घरातलीच चालते?"

"घरातली चालत नाही असं कुठे लिहिलेलं नाही," मी म्हटलं. पोथी मी बारा वर्षं वाचतेय, मला ठाऊक आहे.

हळदीचं बोट तिच्या कपाळाला लावलं. तिने डोळे मिटले नाहीत, माझ्याकडेच बघत होती. मी फळ पुढे केलं.

"केळं नको. सफरचंद दे," ती म्हणाली. "माझ्यासाठी होतं तर मला आधी सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर गेली बारा वर्षं सफरचंदच द्यावं लागलं असतं. बस नीट."

सगळ्या हसल्या. लाडू वाटले. मॅनेजरने तीन खाल्ले आणि स्मोकबद्दल बोलला नाही.

शुक्रवारी सकाळी उत्तरपूजा केली. घटातली पानं घराच्या कोपऱ्यांत ठेवायची असतात, म्हणजे लक्ष्मी घरात राहते. ह्यांनी विचारलं, "मग इथेच ठेवतेस?" बेचाळीसशे घेणाऱ्याच्या कोपऱ्यात लक्ष्मी ठेवून येऊ? पानं रुमालात बांधली. कलशातलं पाणी तुळशीला घालायचं, तर हॉटेलच्या कुंड्यांत प्लॅस्टिकची झाडं.

"समुद्रात सोड," हे म्हणाले. "लक्ष्मी समुद्रातूनच आली ना?"

"आली. परत कशाला पाठवायची?"

म्हणून भरलेला कलश मांडीवर धरून मी मुंबई ते नाशिक आले. कसारा घाट चढताना हे इतक्या सावकाश वळणं घेत होते की मागचे ट्रकवाले हॉर्न मारून थकले. दुसरा हात स्वराने मागून लावला होता. घोटीजवळ ओमने विचारलं, "आता तरी त्र्यंबकला जायचं?" ह्यांनी गाडी सरळ नाशिककडे ठेवली. तीनला घरी पोचलो. एक थेंब सांडला नाही. तुळशीला पाणी घातलं, पानं कोपऱ्यांत ठेवली.

आता विचाराल, मुंबई कशी आहे? महाग आहे, दमट आहे, खिचडी करता येत नाही. दोन रात्रींत जे खर्चलं त्यात आम्ही चौघं चार वेळा वणी करून आलो असतो. मुलांना काय आवडलं म्हणून विचारलं. ओम म्हणाला, काठ नसलेलं पाणी. स्वराने सांगितलं नाही. तिची पोथी तिच्या शाळेच्या दप्तरात आहे, एवढं मला दिसलं.

नवस फिटला. पण सातपैकी दोन पोथ्या उरल्यात, दोन्ही कोऱ्या. वाया कशा घालवणार? स्वरा म्हणते, "पुढच्या वर्षी पाचच बायका हव्यात, तर तीनच विकत आण." मी हो म्हटलं. फक्त पुढच्या मार्गशीर्षात कोणी मला त्र्यंबकला नेतो म्हणालं, तर घोटीच्या फाट्यावर गाडी थांबवायला लावीन, खाली उतरेन, आणि चाकं कुठे वळतायत ते डोळ्यांनी बघूनच परत आत बसेन. पिशवी मात्र भरलेली असेल. कुठेही नेलं तरी.