ह्यांचा प्रस्ताव आज बंद झाला

मंडळी, आज सकाळी ह्यांच्या मेलवर इंग्रजीत निरोप आला. "प्रस्ताव मांडणाऱ्याकडून उत्तर नाही, म्हणून बंद करत आहोत."

बँकेतून रिटायर झाल्यावर हे एका प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी विनामोबदला काम करायचे. ती भाषा कुणा एकाच्या मालकीची नाही. बदल सुचवायचा तर सगळ्यांसमोर मांडायचा, जगभरातले लोक त्यावर वाद घालणार आणि मांडणाऱ्याने प्रत्येकाला उत्तर द्यायचं, अशी तिथली पद्धत. ह्यांचं म्हणणं होतं, चूक झाली की संगणकाने ती नवशिक्यालाही कळेल अशा शब्दांत सांगावी.

हे जाऊन आठ महिने झाले. वाद चालूच राहिला आणि मी डिक्शनरी घेऊन तो रोज वाचत राहिले. कुणी ह्यांचं नाव घेऊन मत विचारायचं. एकाने टोमणा मारला, "महाशय आग लावून पळाले वाटतं." हे असते तर पोटभर हसले असते.

दुपारी इंदूरहून मुलीचा फोन आला. "आई, बाबा नाहीत एवढं तरी लिहून टाकायचं ना. दुसऱ्या कुणी काम पुढे नेलं असतं."

खरंच आहे. पण मी लिहिलं असतं, तर ह्यांना नावाने विचारणारं कुणीच उरलं नसतं. माझ्या त्या लोभापायी ह्यांचं काम थांबलं.

फोन ठेवल्यावर तिथे लिहिलं, की हे आता नाहीत. अजून कुणाचं उत्तर नाही.

ह्यांची सगळी टिपणं माझ्याकडे आहेत. तुमच्यापैकी कुणी हे काम पुढे न्याल का?