अक्कानं वाचवलेला म्हातारा

रविवारी दुपारी तीन वाजता तो जपानी सिनेमा लावायचा असं ठरलं, आणि गुरुवारपासून अक्काच्या घशाखाली घास उतरेना.

अक्का माझी शेजारीण. तिची व्हिडिओ लायब्ररी मी पहिल्या दिवसापासून पाहिली. पुढच्या खोलीत भिंतभर फळ्या, फळ्यांवर काळ्या कॅसेटी आणि टेबलामागे अक्का. परत आलेली प्रत्येक कॅसेट ती झाकण उचलून आधी हुंगायची. फितीला बुरशीचा वास आला की गिऱ्हाइकाला म्हणायची, "सिनेमा घरात बघितलात की न्हाणीघरात?" लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर सांगायची, "दुकानाशी लावलंय. उलटून बोलत नाही ते."

तिचा धाकटा भाऊ एका कारखान्यात लेथ यंत्रावर काम करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, अजूनही म्हणतात. बायको लवकर गेली, एक लेक मागे ठेवून. सव्वीस वर्षांपूर्वी त्याच्या लेथवरची संरक्षक काच तडकली होती. मिस्त्रीनं मालकाला तीनदा सांगितलं, मालक तिन्ही वेळा "बघू" म्हणाला. मग एका सकाळी फिरता तुकडा उडाला आणि काचेसकट त्याच्या डोळ्यांत गेला. एक डोळा त्याच दिवशी गेला, दुसरा तीन महिन्यांनी.

त्यानंतर मिस्त्री मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसून असे. उशीखाली लोखंड घासायची एक कानस. उंबऱ्याच्या दगडावर घासून घासून त्यानं तिला सुईसारखं टोक आणलं होतं. मालक महिन्यातून एकदा चौकशीला यायचा, खुर्चीवर बसायचा. मिस्त्री त्याला म्हणायचा, "जरा जवळ सरका साहेब, आवाज नीट येत नाही."

अक्कानं हे वाक्य दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा ती चहाचा कप घेऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली. कानस काढून घ्यावी तर तो दुसरं काही शोधणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्याचं मन कुठंतरी गुंतावं म्हणून ती दुपारी सिनेमे लावायची आणि कानाशी बसून पडद्यावरचं सांगायची. ती सांगायचीही झकास. कोण कसं उभं आहे, कुणाच्या सदऱ्याला बटण नाही, सगळं. त्यातच एका बंद पडलेल्या लायब्ररीच्या गठ्ठ्यातून हा जपानी सिनेमा आला. एक भाडोत्री मारेकरी. फार बोलत नाही, हातमोजे घालूनच जेवतो. त्याला एका म्हाताऱ्याला मारायची कामगिरी मिळते. म्हातारा एका कारखान्याचा मालक. दोन तास तो त्याच्या मागावर असतो, शेवटी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पालथा पडून नेम धरतो. बोलणं सगळं जपानी. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं यायची, तीही अर्धी कापलेली. त्या सिनेमाला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं.

मिस्त्री मात्र पहिल्याच दुपारी पुढं सरकून बसला. "मालक आहे ना तो म्हातारा? कारखान्याचा?" असं त्यानं चार वेळा विचारलं.

मी त्या दिवशी कॅसेट परत द्यायला गेले होते, दारातच थबकले. पडद्यावर म्हातारा बागेतल्या तळ्याकाठी उभा होता, माशांना खायला घालत. गोळीचा आवाज झाला. म्हातारा तोंडावर तळ्यात पडला. पाणी उडालं.

"मारला?" मिस्त्रीनं विचारलं. त्याचा हात उशीखाली होता.

अक्कानं पडद्याकडे पाहिलं, मग त्या हाताकडे.

"नाही," ती म्हणाली. "पाण्यात घातली गोळी. मुद्दाम."

"का?"

"म्हातारा वाकला होता. हात थरथरत होते त्याचे. याला दुर्बिणीतून दिसलं ते."

"मग आता काय करतोय?"

"बंदूक सुटी करून पेटीत भरतोय. चालला."

"भित्रा," मिस्त्री म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तोच लाव."

महिनाभर रोज तोच सिनेमा. गोळी, पाणी, आणि अक्काचं तेच सांगणं, एक शब्द इकडचा तिकडे न होता. खूनखराबा नको म्हणून छोट्या लेकीला ती तेवढा वेळ माझ्याकडे पाठवायची. मग मालकानं कारखाना बंद केला. जाताना त्याचं पत्र आलं, ते अक्कानं मिस्त्रीला वाचून दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचायला लावलं. संध्याकाळी कानस तिच्यापुढं धरली. "ही ठेव तुझ्याकडे. डबे उघडायला होईल."

पुढं ती कॅसेट झिजली, मग लायब्ररीच संपली. मिस्त्री खुर्च्या विणायला शिकला, लेक शिकून छापखान्यात नोकरीला लागली. आणि त्या गुरुवारी तीच लेक हातात डीव्हीडीची तबकडी नाचवत आली. "बाबा, तुमचा मारेकरी आला! चित्र धुऊनपुसून स्वच्छ केलंय, आणि आता आपल्या भाषेत बोलतो तो."

मिस्त्रीनं तबकडी हातात घेऊन कडेकडेनं चाचपली. इतका खूश मी त्याला फार दिवसांत पाहिला नव्हता.

अक्का अर्ध्या तासात माझ्याकडे आली. "बाई, तबकडीला चरे पाडले तर?"

"लेक दुसरी आणील."

"टीव्ही बिघडला तर?"

"अक्का, त्याला आधी सांगून टाक."

"काय सांगू? गेली सव्वीस वर्षं माझ्या डोळ्यांनी बघतोस, ते डोळे तिरळे आहेत म्हणून?"

शुक्रवारी ती सांगायला म्हणून आत गेली आणि 'चहात साखर बरोबर आहे ना' एवढंच विचारून बाहेर आली. शनिवारी तिनं रिमोटमधल्या बॅटऱ्या काढून पिठाच्या डब्यात लपवल्या. लेकीनं येताना नव्या आणल्या.

रविवारी आम्ही चौघं बसलो. मिस्त्री मध्ये, त्याच्या एका बाजूला लेक, दुसरीकडे अक्का. सुरुवात बरी झाली.

"अगं अक्का, लोकांपुढं हा तर लिफ्ट दुरुस्त करणारा!" मिस्त्री हसायला लागला. "सव्वीस वर्षं घड्याळजी सांगितलंस मला."

"अक्षरं कापलेली होती."

"अक्षरं नाही, डोकं कापलेलं होतं तुझं."

लेक खिदळली. थोड्या वेळानं पडद्यावरची बाई मारेकऱ्याला "अहो" म्हणाली. मिस्त्रीची मान वळली. "ही बहीण ना त्याची?"

"बायको," लेक म्हणाली.

"बायको सांगितलं असतं तर तुला तुझी आठवली असती," अक्का हळूच म्हणाली.

मिस्त्रीचं हसू थांबलं. "म्हणजे अक्षरं दिसत होती तुला."

 आधी तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, आता तासभर नुसता ऐकत होता, हनुवटी वर करून, अंधारात पाऊल टाकणारा माणूस ऐकतो तसा. अक्काच्या मुठीत पदराचं टोक होतं. त्याचा पीळ घट्ट घट्ट होत गेला.

गच्चीचा प्रसंग आला. वाऱ्याचा आवाज. पेटीच्या कड्या उघडल्याचा आवाज. बंदुकीचे भाग एकेक जोडल्याचा आवाज. तळ्यात मासे पाणी हलवत होते तेही आता स्वच्छ ऐकू येत होतं.

अक्कानं झेप घातल्यासारखा रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.

"आत्या, काय झालं?"

"तो मारतो," अक्का म्हणाली.

लेकीनं तिच्याकडे वळून पाहिलं.

"म्हातारा मरतो. तेव्हाही मेला होता. गोळी त्यालाच लागते, आणि पाण्याचा आवाज येतो तो त्याच्या पडण्याचा. मी तुला खोटं सांगितलं."

मिस्त्रीचा चेहरा पडद्याकडेच होता. "चालू कर," तो म्हणाला. "आणि सांग. लेकीनं नाही, तू सांग. आहे तसं."

अक्कानं चालू केलं. तिचा आवाज शाळेत पहिल्यांदा उभं राहून वाचणाऱ्या मुलीसारखा येत होता. "म्हातारा काठावर आलाय. हातात वाडगा आहे. वाकला. याचं बोट चापावर आहे. डोळा मिटत नाही..." गोळी सुटली. "पडला. तोंडावर. सदऱ्यात हवा भरून पाठ वर आलीय. पाणी लाल होतंय."

पडद्यावर मारेकऱ्यानं फोन उचलला. "झालं काम," तो म्हणाला, आपल्या भाषेत. "तळ्यात पडला."

लेकीनं टीव्ही बंद केला.

"बाई, पहिल्यांदा लावला त्या दिवशी दारात तुम्ही होतात ना?" मिस्त्रीनं विचारलं.

"होते."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

त्यानं मान डोलावली. मग अक्काकडे वळला. "आणखी काय काय आहे असं?"

"काही नाही."

"डॉक्टरांचे कागद?"

"खरे."

"लेकीचे निकाल?"

"खरे रे. बाईंना विचार."

"मालकाचं पत्र?"

अक्कानं पदराचा पीळ सोडला, पुन्हा घातला. तेव्हाच आम्हा सगळ्यांना कळलं.

"पत्र आलं होतं," ती शेवटी म्हणाली. "त्यात तुझ्यासाठी एकच ओळ होती. बाकीच्या मी घातल्या."

"कोणती ओळ?"

"'झाल्याचं वाईट वाटतं.'"

"रात्री झोप लागत नाही, तुझी काच डोळ्यांपुढं येते, ते?"

"माझं."

मिस्त्री उठला. "मी सिनेमामुळं नव्हता सोडला मालकाला, अक्का. त्या पत्रामुळं सोडला होता."

"ठाऊक आहे. म्हणून तर घातल्या."

"यापुढं आहे ते सांगायचं. नाहीतर सांगूच नकोस." आणि भिंतीला हात लावत तो आत गेला.

अक्कानं दुसरा पर्याय घेतला. चार दिवस त्या घरात तिचा आवाज आला नाही. पेपर लेक वाचायची, कामाला जाण्याआधी, भराभर. जेवायला बसताना कशाच्या बाजूला काय वाढलंय हे अक्का नेहमी सांगायची, तेही बंद झालं. मिस्त्री ताटात चाचपडून जेवायचा. ती समोर बसून बघायची, ओठ घट्ट मिटून. मी मध्ये पडायला गेले तर म्हणाली, "राहू द्या बाई. माझं बोलणंच त्याला विषासारखं झालंय, ते कशाला पाजू?" तिची मला खरी काळजी वाटायला लागली होती. चार दिवसांत ती दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या पायरीवर बसले होते. मिस्त्री दाराशी खुर्चीची वेताची बैठक विणत होता, अक्का आत कपड्यांच्या घड्या घालत होती. रस्त्यावर एकदम काहीतरी आदळलं, लोखंड खरवडल्याचा आवाज आला, कुणीतरी ओरडलं.

मिस्त्रीचे हात थांबले. "काय झालं?"

मी तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा माझ्याकडे नव्हता. मी मिटलं.

अक्का खिडकीशी आली. "सायकलवाला पडला."

"आणि?"

"उठला."

"लागलं?"

"गुडघ्यातून रक्त येतंय."

त्यानं वेत गुडघ्यावर ठेवला. "एवढंच?"

"एवढंच आहे."

"अगं, आहे ते सांग म्हणालो होतो. तोंड शिवून सांग असं कुठं म्हणालो?"

अक्कानं घडी घातलेला टॉवेल तसाच छातीशी धरला. मग ती दारात येऊन उभी राहिली. "हिरवा शर्ट आहे," ती म्हणाली. "बटणं एक सोडून एक लावलीत, घाईत निघाला असणार. पडला तर आधी सायकल उचलली, मग स्वतःचा गुडघा बघितला. आता लोकांसमोर हसतोय, पण ओठ पांढरे पडलेत. लागलंय त्याला चांगलंच."

मिस्त्री ऐकत होता. मग त्यानं चेहरा माझ्याकडे वळवला. "बाई, शर्ट हिरवाच आहे ना?"

"हिरवाच आहे."

अक्कानं ते ऐकलं. "विचार," ती म्हणाली, "रोज विचारत जा बाईंना," आणि टॉवेल खांद्यावर टाकून तिनं आपली खुर्ची त्याच्या खुर्चीजवळ ओढली.