थांबाबाईंनी खुर्ची सोडली नाही

नियंत्रण कक्षात त्यांना सगळे थांबाबाई म्हणतात, आणि हे नाव कौतुकानं पडलेलं नाही. त्या एका अंतराळ टगची वीज सांभाळायच्या. बंदरात मोठ्या जहाजाला रेटून धक्क्याला लावणारी बुटकी, दणकट टग असते, तशीच ही. फक्त ही रेटते उपग्रहांना, एका कक्षेतून दुसऱ्या कक्षेत. रॉकेटनं उपग्रह खालच्या कक्षेत सोडायचा, टगनं तो वर पोहोचवायचा, मग रिकामी खाली येऊन पुढचा उचलायचा, असा बेत होता. कंपनीनं तो ‘अंतराळातली लिफ्ट’ या नावानं विकला होता.

थांबाबाईंचा नवरा खऱ्याखुऱ्या लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला हे नाव पहिल्यापासून खुपायचं.

“लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला वजन टांगलेलं असतं, म्हणून मोटरला सगळा भार ओढावा लागत नाही,” तो एकदा सकाळी चहा पिता पिता म्हणाला. “तुमच्या टगच्या दुसऱ्या टोकाला काय आहे?”

“आमचे साहेब.”

“मग वजन भरपूर आहे की,” आतून सासूबाई म्हणाल्या.

साहेब म्हणजे मोहिमेचे प्रमुख. माणूस हुशार, मेहनती, आणि आपल्या टगवर मनापासून विश्वास असलेला. पहिला उपग्रह टगनं वर नेऊन सोडला तेव्हा ते कक्षात एकेकाच्या टेबलापाशी जाऊन हात मिळवून आले होते. थांबाबाईंशी हात मिळवताना म्हणाले, “आता उतरायचं.” थांबाबाईंच्या समोरच्या पडद्यावर सौरपंखांच्या विजेचा आलेख होता, आणि तो त्यांना आवडत नव्हता.

ही टग विजेवर चालते. तिची ढकल इतकी हलकी, की वर चढायला महिने लागतात. वाटेत पृथ्वीभोवतीचे किरणोत्सर्गाचे पट्टे लागतात, आणि टग जितकी संथ तितका त्यांतला मुक्काम लांबतो. चढून जाईपर्यंत पंख अंदाजापेक्षा बरेच जास्त भाजले होते. त्याच वाटेनं उतरायचं तर आणखी भाजणार. मध्येच वीज संपली, तर टग इतरांच्या वाटा कापत फिरणारं भंगार होणार. थांबाबाईंचा हिशोब सांगत होता की ती पोहोचणार नाही. साहेबांचा हिशोब सांगत होता, जेमतेम पोहोचेल. दोन्ही हिशोब एकाच आकड्यांवर मांडलेले होते. भाजण्याचा वेग पुढे किती धरायचा, एवढाच फरक.

खाली दुसरा ग्राहक वाट पाहत होता. उतरायला ठरलेल्या दिवशी संध्याकाळपर्यंत टग निघाली नाही, तर करार मोडायला तो मोकळा होता.

कुठलीही मोठी आज्ञा पाठवण्याआधी त्या कक्षात प्रत्येक खुर्चीला नावानं विचारलं जातं, आणि ‘जा’ किंवा ‘थांबा’ असं उत्तर तोंडानं द्यावं लागतं. त्या दिवशी दुपारी साहेबांनी विचारायला सुरुवात केली.

“इंधन?”

“जा.”

“दिशा?”

“जा.”

“संपर्क?”

“जा.”

“वीज?”

“थांबा,” थांबाबाई म्हणाल्या.

साहेबांनी कानावरचा हेडफोन काढला आणि चालत त्यांच्याजवळ आले. “मॅडम, हे सगळं आपण बैठकीत बोललोय.”

“बोललोय. मी तिथेही हेच म्हटलं होतं.”

“खाली आली नाही तर तिला टग कशाला म्हणायचं? येणं-जाणं हाच तर धंदा आहे आपला.”

“बंदरातली टग बंदरातच राहते, साहेब. तिला कोणी डोंगर चढायला-उतरायला लावत नाही. हिलाही वरच राहू द्या. वरच्या वर ढकलाढकलीची कामं पुष्कळ आहेत.”

“फुटकळ कामं.”

“असतील.”

एका खुर्चीनं ‘थांबा’ म्हटलं की आज्ञा अडते. प्रमुखाला ती रेटायची असेल, तर एकच रस्ता: त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवायचा. साहेबांनी दुसऱ्या पाळीचा वीजवाला बोलावला. त्याला सगळे आप्पा म्हणतात. आप्पा आले, पण डबा हातातच धरून उभे राहिले.

खुर्ची बदलण्याचीही एक रीत आहे. उठणाऱ्यानं बसणाऱ्याला यंत्रणेची सगळी हालहवाल वाचून दाखवायची, आणि शेवटी म्हणायचं, ‘माझ्याकडून काही अडकलेलं नाही.’ बसणाऱ्यानं ‘घेतली’ म्हणायचं. ही दोन्ही वाक्यं ध्वनिमुद्रित झाल्याखेरीज खुर्ची बदलली असं धरत नाहीत. रोज तीनदा म्हटलं जाणारं ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं, की त्याचा अर्थ कोणी लावत नसे.

थांबाबाईंनी सगळी हालहवाल नीट वाचली. आप्पांनी ती नीट परत म्हणून दाखवली. शेवटचं वाक्य मात्र आलं नाही.

“पुढे, ताई,” आप्पा हळूच म्हणाले.

“पुढचं मला म्हणता येणार नाही. अडकलंय.”

“नुसतं म्हणायचं असतं हो.”

“तुम्ही म्हणाल माझ्या जागी?”

आप्पांनी साहेबांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि जवळची एक मोकळी खुर्ची ओढून डबा मांडीवर घेऊन बसले. साहेबांनी आधी समजावलं. मग चौकशी लावीन म्हणाले. “लावा,” त्या म्हणाल्या. सुरक्षारक्षकाला बोलवा, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. पण चालू मोहिमेच्या खुर्चीवरून पन्नाशीच्या बाईला उचलायचं कसं, हे कुठल्याच नियमावलीत नव्हतं. त्यांना तहान लागली होती. पाणी आणायला उठलं तर खुर्ची मोकळी धरतील, म्हणून त्या उठल्या नाहीत. पाण्याची बाटली शेवटी आप्पांनीच आणून दिली.

संध्याकाळ झाली. ग्राहकानं करार मोडला.

चौकशी झाली, थांबाबाईंना कक्षातून काढून प्रशिक्षण विभागात टाकलं. टग वरच राहिली. तिनं पुढे एका भरकटलेल्या उपग्रहाला जागेवर आणलं, मग इंधन संपत आलेल्या दुसऱ्याला धरून ठेवलं. कामं फुटकळच आहेत, पण येत राहतात. उतरली असती तर ती पोहोचली असती का, हे आता कोणालाच कळणार नाही. साहेबांना वाटतं, पोहोचली असती. थांबाबाईंना वाटतं, नसती. समोरासमोर आले की दोघं आजही त्यावर भांडतात.

गेल्या महिन्यात थांबाबाई शिकवत असताना साहेब प्रशिक्षणाच्या खोलीत आले. नवी टग वरच राहण्यासाठी बांधली जातेय, तिची वीज तुम्ही सांभाळा, म्हणाले. अट एकच: त्या दिवशी खुर्ची बदलण्याच्या रीतीबद्दल आपला गैरसमज झाला होता, एवढं थांबाबाईंनी लिहून द्यायचं.

“गैरसमज नव्हता,” थांबाबाई म्हणाल्या.

“मला माहीत आहे. वरच्यांना कागद हवाय.”

“मग त्यांना सांगा, बाई नाही म्हणाल्या.”

“ही खुर्ची पुन्हा मिळणार नाही.”

“तुम्ही उभे का? बसा ना, तास चालू आहे.”

साहेब बसले नाहीत. दार लागल्यावर थांबाबाई वर्गाकडे वळल्या.

“नाही म्हणताना आवाज चढवू नका,” त्या म्हणाल्या. “माईक चांगला असतो.”