माझ्या कवितेतला पांडुरंग

कविता माणसाला मुक्त करते, असं कविसंमेलनाचे अध्यक्ष जळकोटला म्हणाले. मग जेवणाची वेळ टळून गेली तरी त्यांनी कुणाला जागचं हलू दिलं नाही.

मी पुरुष आहे आणि माझं प्रेम पुरुषावर आहे. त्याच्यावरच्या कविता मी ऑनलाइन टाकतो. त्या वाचूनच संयोजकांनी बोलावलं होतं. मला वाटलं, चला, आपल्या भागात कुणाला तरी कळलं. स्टेजवर गेल्यावर समजलं की सत्कार भक्तिकवी म्हणून आहे. 'तुझ्या खांद्यावर झोप लागली' ही माझी ओळ अध्यक्षांनी डोळे मिटून, गहिवरून म्हटली आणि पांडुरंगाला हात जोडले. पुढच्या दोन रांगांनीही जोडले. पुरुष पुरुषाला एवढा आळवतोय म्हणजे समोर देवच असणार, याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

शाल पांघरून गप्प बसलो असतो, तर माझा माणूस कायमचा विटेवर गेला असता. म्हणून माईक हातात येताच सांगितलं, "हा पांडुरंग नाही. हा लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आम्ही एकत्र राहतो."

पुढच्या दोन रांगांचे जोडलेले हात खाली आले. मी शाल उतरवायला लागलो. अध्यक्षांनी माईकवर हात ठेवला आणि माझ्या कानाशी आले.

"शाल राहू द्या हो. नातू बारावीला हाय माझा. तुमच्या सरांच्या बॅचला जागा हाय का?"

जागा नव्हती.